पहारा आणि सोबत

पुण्याच्या पश्चिमेस ज्या टेकडीवर मी गेलीं पंचवीस वर्षें फिरावयास जातों, तेथें तीन वर्षांपूर्वीं आम्हां फिरणाऱ्यांपैकीं दहाबारा जणांनीं एक लहानशी गस्त सुरू केली. निमित्त घडलें तें एका वृद्ध बाईंच्या गळ्यांतील साखळी कोणी ओढून नेल्याचें. ठरलें तें एवढेंच, कीं तिन्हीसांजेच्या वेळीं आपल्यापैकीं दोघे दोघे पायवाटेवर हिंडत असावे, कोणी पडलाधडला तर त्यास हात द्यावा, एकट्या बाईमाणसास हवी असल्यास खालच्या रस्त्यापर्यंत सोबत करावी, आणि कांहीं भलतेंच दिसल्यास पोलिसांस कळवावें. पदाधिकारी नव्हते, वर्गणी नव्हती, मंडळास नांवदेखील नव्हतें. आतां ह्या गस्तीचा विस्तार करण्याचें घाटत आहे. शहरांतील साऱ्या टेकड्या, नदीकांठचे रस्ते व मोठालीं उद्यानें तींत घ्यावीं, स्वयंसेवक शेंदोनशें करावे, त्यांस एकरंगी पोशाख, शिट्टी व काठी द्यावी आणि संशयास्पद इसमांची एक नोंदवही ठेवावी, असा मसुदा आमच्यांतील एका उत्साही गृहस्थांनीं तयार केला आहे. मी इतिहासाचा अध्यापक असल्यामुळें त्यास प्रस्तावना लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. प्रस्तावनेसाठीं जुनीं पुस्तकें चाळूं लागलों, आणि प्रस्तावना बाजूस राहून मूळ मसुद्याविषयींच मन साशंक होत गेलें. तें कां, हें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

प्रथम दोन शब्दांचा विचार करूं. पहारा हा शब्द प्रहरावरून आलेला आहे. रात्रीचे प्रहर वांटून घेऊन आळीपाळीनें जागणें हा त्याचा मूळ अर्थ. पहारेकऱ्याची पाठ घराकडे व तोंड अंधाराकडे असतें. जो येईल त्यास 'कोण आहे?' म्हणून हटकणें हा त्याचा धर्म. सोबत हा शब्द आपणांकडे अरबी-फारशींतून आला, पण तो आतां इतका घरचा झाला आहे कीं त्याचें परकेपण कोणास जाणवतही नाहीं. सोबत करणारा वाटसरूच्या बरोबरीनें चालतो. दोघांचीं तोंडें एकाच दिशेस असतात. जुन्या मराठींत ह्या कामास वोळावा असाही एक शब्द होता. वाटेचा माहीतगार, जो पुढील गांवापर्यंत पोंचवून परत फिरे, तो वोळावा. वाटेवरील लोकांच्या रक्षणाचे हे दोन प्रकार फार प्राचीन आहेत, आणि एकाच मंडळींकडून दोन्ही कामें करून घेण्याची हौसही तितकीच प्राचीन आहे.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ह्यानें १२८५ सालीं विंचेस्टर येथें जो कायदा केला, तो युरोपांतील नागरिकांच्या गस्तीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला होय. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून सेंट मायकेलच्या दिवसापर्यंत, म्हणजे उन्हाळाभर, प्रत्येक शहराच्या प्रत्येक वेशीवर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सहा माणसांनीं जागावें. लहान नगरांत बारा असावे. खेड्यांत वस्तीच्या मानानें सहा किंवा चार. पगार नाहीं. हें रहिवाशाचें कर्तव्यच समजलें जाई. पंधरा ते साठ वर्षांच्या प्रत्येक पुरुषानें ऐपतीप्रमाणें शस्त्र बाळगावें, आणि चोराच्या मागें आरोळी उठली कीं सर्वांनीं धांवावें, हेंही त्यांतच होतें. ह्याच कायद्यांतील एक कलम मला फार मौजेचें वाटतें. बाजारपेठांस जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंस दोनदोनशें फूट अंतरापर्यंत, ज्याच्या आड माणूस दबा धरून बसूं शकेल असा चर, झाड किंवा झुडूप राहूं देऊं नये; मोठे वृक्ष मात्र वगळावे. सातशें वर्षांनंतर आमच्या टेकडीवरील मंडळींनीं वनखात्याकडे अर्ज केला, तो अगदीं हाच! वळणावरील घाणेरीचीं झुडपें छाटावीं, असें त्यांत आम्हीं लिहिलें होतें. तेव्हां एडवर्डाचें नांवही कोणाच्या ध्यानीं नव्हतें.

पण त्याच कायद्यांत असेंही आहे, कीं रात्रीं कोणी अनोळखी माणूस येतांना दिसला तर पहारेकऱ्यांनीं त्यास सकाळपर्यंत अडकवून ठेवावें. संशय न राहिल्यास सोडावें, राहिल्यास अधिकाऱ्याच्या हवालीं करावें. अनोळखी असणें एवढाच येथें अपराध आहे. ज्या जगांत माणसें जन्मलेल्या गांवींच मरत, तेथें हें कदाचित् चालून गेलें असेल.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. कर्तव्याची आळी आली कीं सधन माणूस चार पैसे देऊन दुसऱ्यास पाठवूं लागला. तो दुसरा सामान्यतः म्हातारा, अशक्त व गरजू असे. लंडनच्या रखवालदारांस लोक थट्टेनें 'चार्ली' म्हणत. खोपट्यांत कंदील व काठी घेऊन पेंगणारा म्हातारा, आणि मद्यपान करून घरीं परतणारे तरुण तें खोपटें त्याच्यासकट उलथें करीत आहेत, हें त्या काळच्या विनोदी चित्रांतील नेहमींचें दृश्य आहे. १७३५ सालीं वेस्टमिन्स्टरच्या कांहीं पॅरिशांस कर बसवून पगारी पहारेकरी ठेवण्याची परवानगी पार्लमेंटनें दिली, आणि १८२९ सालीं पीलनें लंडनचें पोलीसखातें उभारलें. नागरिकाचें कर्तव्य अशा रीतीनें पगारी माणसाकडे गेलें. तें पुरतें मात्र कधींच गेलें नाहीं. दोनच वर्षांनीं, १८३१ त, विशेष शिपायांचा कायदा झाला, आणि १८४८ च्या एप्रिलांत चार्टिस्टांची सभा केनिंग्टनच्या मैदानावर भरली तेव्हां लंडनच्या हजारों सुखवस्तु गृहस्थांनीं दंडाला पट्टा बांधून काठ्या हातीं घेतल्या. त्यांत पुढें फ्रान्सचा बादशहा झालेला लुई नेपोलियनही होता. स्वयंसेवकांची इतकी मोठी भरती इंग्लंडांत त्यापूर्वीं क्वचितच झाली असेल. पण ती झाली ती मताधिकार मागणाऱ्या गरिबांविरुद्ध, हें विसरतां येत नाहीं.

फिरण्याच्या, केवळ हवा खाण्याच्या वाटेचें रक्षण हा प्रश्न स्वतंत्रपणें प्रथम उभा राहिला तो माझ्या मतें हाइड पार्कांत. तिसरा विल्यम केन्सिंग्टन येथें राहावयास गेला, तेव्हां तेथून राजवाड्याकडे जाणाऱ्या उद्यानांतील रस्त्यावर वाटमाऱ्यांचा उपद्रव फार होता. १६९० सालीं त्यानें त्या रस्त्यावर तीनशें तेलाचे दिवे लावविले. रात्रीं दिव्यांनीं उजळलेला ब्रिटनमधील हा पहिला हमरस्ता असें सांगतात. त्या रस्त्याच्या फ्रेंच नांवाचा अपभ्रंश होऊन 'रॉटन रो' झालें, आणि पुढें लंडनची सारी फॅशनेबल मंडळी तेथें घोडे फिरवूं लागली. दिवे होते, तरी वाटमारे गेले नाहींत. १७४९ सालीं होरेस वॉल्पोल ह्यास ह्याच उद्यानांत मॅक्लेन नांवाच्या सभ्य पोशाखांतल्या दरोडेखोरानें लुटलें, आणि पिस्तूल उडून गोळी त्याच्या गालाजवळून निसटली. मॅक्लेन हा राहत असे सेंट जेम्सच्या उच्चभ्रू वस्तींत! संशयास्पद इसमांची नोंदवही त्या वेळीं कोणी ठेवली असती, तर तींत त्याचें नांव खचित आलें नसतें.

आपणांकडील इतिहासही ह्याहून निराळा नाहीं. मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड आँजियर ह्यानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जमीनदारांकडून माणसें मागवून भंडाऱ्यांची पलटण उभारली. माहीम, शिवडी व शीव येथें तिचे सुभेदार असत, आणि मुंबईच्या पोलिसांचा इतिहास लिहिणारे आरंभ तेथूनच करतात. पुण्याच्या इंग्रजी अमदानींतील बंगल्यांवर रामोशी ठेवण्याची चाल होती. रामोशी ठेवला कीं त्याचे जातभाई त्या घरास हात लावीत नाहींत, असा तो हिशेब. ह्यांत रक्षण किती व खंडणी किती, हें ठरविणें कठीण. पण ज्या समाजास गडकोटांच्या रखवालीसाठीं एके काळीं इनामें मिळालीं, त्याच्याकडे घरांतच चोर म्हणून पाहण्याची ही रीत पुढें कायद्यांतही उतरली. १८७१ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या, आणि तो डाग कायद्याच्या पुस्तकांतून निघावयास १९५२ साल उजाडावें लागलें.

पुण्याच्या माणसास ह्या विषयांत घाशीराम कोतवालाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. नाटकामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें; पण नाटकापेक्षां बखरी व गॅझेटियर ह्यांतील हकीकत मला अधिक बोधप्रद वाटते. रात्रीं तोफ झाल्यावर रस्त्यावर कोणी फिरूं नये असा पुण्यांत नियम होता व तो पाळविणें हें कोतवालाचें काम. १७९१ च्या ऑगस्टांत दक्षिणेकडून आलेले तैलंग ब्राह्मण कोतवालाच्या बागेंत शिरले, त्यांनीं फळें तोडलीं, माळ्याशीं तंटा झाला, आणि कोतवालाच्या माणसांनीं त्यांस चोर समजून एका कोंदट खोलींत कोंडलें. सकाळीं खोली उघडली तेव्हां त्यांतले बरेचसे गुदमरून मेलेले होते. दुसऱ्या दिवशीं संतप्त जमावानें घाशीरामास दगडांनीं ठेंचून मारलें. बाग, फळें, परप्रांतीय माणसें आणि रात्रीचा पहारा: ह्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होऊं शकतें, हें पुण्यानें दोनशें वर्षांपूर्वीं पाहिलेलें आहे.

सार्वजनिक उद्यानाच्या रखवालीचा सर्वांत गंभीर विचार ज्यानें केला तो माणूस म्हणजे फ्रेडरिक लॉ ऑल्म्स्टेड. न्यूयॉर्कचें सेंट्रल पार्क त्याच्या व कॅल्व्हर्ट व्हॉक्सच्या आराखड्यावरून १८५८ पासून उभें राहूं लागलें. आठशेंहून अधिक एकरांची ती जागा; आणि एवढें मोठें लोकांचें उद्यान त्या देशांत पूर्वीं नव्हतें, म्हणून त्यांत कसें वागावें हेंच बहुतेकांस ठाऊक नव्हतें. वृत्तपत्रें म्हणत कीं शहरांतील गुंड तेथें राज्य करतील. ऑल्म्स्टेडनें ह्यावर योजिलेला उपाय असा, कीं उद्यानाचे रखवालदार शहराच्या पोलिसांपासून वेगळे असावे, आणि पकडणें हें त्यांचें मुख्य काम नसावें. गवत तुडविणाऱ्यास अदबीनें समजवावें, वाट चुकलेल्यास वाट दाखवावी, आणि येणाऱ्या प्रत्येकास हें आपलें आहे असें वाटूं द्यावें. तो स्वतः ह्या माणसांस शिकवी. जागरूक पण सौम्य, दिसणारा पण न खुपणारा, असा माणूस त्यास पाहिजे होता. असा माणूस मिळणें किती दुर्घट आहे, हें ज्यानें वसतिगृहाचा पर्यवेक्षक म्हणून एक वर्ष काढलें असेल (मीं चार काढलीं) त्यासच समजेल.

आरंभीं ही व्यवस्था चांगली चालली. गाड्यांची व माणसांची अफाट गर्दी होऊनही दंगे झाले नाहींत, आणि टीकाकार गप्प बसले. नंतर १८७० सालीं ट्वीडच्या टोळीनें नगरपालिकेबरोबर उद्यानही काबीज केलें. रखवालदारांच्या जागा म्हणजे पुढाऱ्यांच्या आश्रितांची सोय झाली. टोळी कोसळल्यावर ऑल्म्स्टेड परत आला. १८७३ त त्यानें फेऱ्या ठरवून, शिस्त कडक करून ती व्यवस्था सांवरण्याचा प्रयत्न केला. पण माणसें नाराज झालीं आणि तो प्रयत्न टिकला नाहीं. पुढें न्यूयॉर्ककर उद्यानांतल्या शिपायास 'चिमण्यांचा पोलीस' म्हणून चिडवूं लागले. ऑल्म्स्टेडचा मूळ विचार चुकला असें मला वाटत नाहीं. संख्या वाढली, नेमणुका दुसऱ्यांच्या हातीं गेल्या, आणि जें काम स्वभावावर अवलंबून होतें तें हुद्द्यावर अवलंबून राहूं लागलें. आमच्या मसुद्यांत 'विभागप्रमुख', 'उपविभागप्रमुख' असे हुद्दे वाचले तेव्हां मला ट्वीड आठवला, हें मी लपवीत नाहीं.

शंभर वर्षांनीं त्याच शहरांत स्वयंसेवकांची गस्त पुन्हा निघाली. १९७९ च्या फेब्रुवारींत कर्टिस स्लिवा ह्या तरुणानें बारा साथीदारांसह भुयारी आगगाड्यांतून फिरावयास सुरुवात केली. डोक्यावर लाल टोपी, हातांत शस्त्र नाहीं. गुन्हा दिसला तर गुन्हेगारास धरून पोलिसांच्या स्वाधीन करावयाचें. ह्या 'गार्डियन एंजल्स'च्या शाखा पाहतां पाहतां अनेक शहरांत निघाल्या. घाबरलेल्या उतारूंस त्यांच्या लाल टोप्या दिसल्या कीं हायसें वाटे, हें खरें. तें नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु १९९२ त स्लिवानेंच कबूल केलें, कीं आरंभींचे आपले कांहीं पराक्रम बनावट होते. प्रसिद्धीसाठीं ते रचले होते. ज्या मंडळाचें अस्तित्व धरपकडीवर उभें असतें, त्यास धरपकड कमी पडली कीं ती निर्माण करावी लागते.

दहा वर्षांनीं, १९८९ च्या एप्रिलांत, सेंट्रल पार्कांत संध्याकाळीं धांवावयास गेलेल्या एका तरुणीवर भीषण अत्याचार झाला. शहर हादरलें. चौदा ते सोळा वर्षांचीं पांच मुलें पोलिसांनीं धरलीं; चार कृष्णवर्णीय, एक लॅटिन वंशाचा. त्यांच्याकडून कबुल्या घेतल्या गेल्या, १९९० त शिक्षा झाल्या. २००२ सालीं खऱ्या गुन्हेगारानें तुरुंगांतून कबुली दिली, शास्त्रीय पुराव्यानें ती सिद्ध झाली, आणि पांचांच्या शिक्षा रद्द झाल्या. २०१४ त शहरानें त्यांस चार कोटी दहा लाख डॉलर भरपाई दिली. हें काम पोलिसांचें, स्वयंसेवकांचें नव्हे, हें मी जाणतों. पण फिरावयाच्या वाटेवर घडलेला गुन्हा माणसास विशेष घाबरवितो; जेथें आपण हत्यार, दागिना, काळजी सारें घरीं ठेवून येतों, तेथेंच तो घडलेला असतो. अशा भीतीस चेहरा हवा असतो, आणि तो ती फार लौकर शोधून काढते.

स्वयंसेवकांच्या हातून घडलेलीं उदाहरणेंही आहेत. २०१२ च्या फेब्रुवारींत फ्लोरिडांतील सॅनफर्ड येथें शेजारराखणीच्या एका स्वयंसेवकानें एक सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा संशयास्पद वाटला म्हणून पोलिसांस दूरध्वनि केला. त्याच्या मागें जाण्याची गरज नाहीं असें पलीकडून सांगण्यांत आलें. झटापट होऊन मुलगा गोळीनें मेला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतें. पुढील वर्षीं ज्यूरीनें स्वयंसेवकास निर्दोष ठरविलें. २०२० त जॉर्जिया संस्थानांत रस्त्यानें धांवत जाणाऱ्या पंचवीस वर्षांच्या तरुणास तिघांनीं चोर समजून मोटारींतून पाठलाग करून मारलें. त्यांस खुनाची शिक्षा झाली, आणि नागरिकास अटकेचा अधिकार देणारा तेथील १८६३ चा कायदा २०२१ सालीं रद्द झाला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २००७ त न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्यें पोलिसांचे दोन निःशस्त्र स्वयंसेवक एका पिस्तूलधारी खुन्याच्या मागावर असतांना ठार झाले. त्यांच्या अंगावर पोलिसांसारखा पोशाख होता. पोशाख पाहून गुन्हेगार घाबरतो ही समजूत नेहमींच खरी ठरत नाहीं.

ह्या साऱ्या पहाऱ्याच्या परंपरेपासून अगदीं निराळी अशी एक गस्त १९३८ सालीं अमेरिकेंत निघाली, आणि ती चोरांपायीं निघालेली नव्हती. मायनट डोल हा विम्याचा धंदा करणारा गृहस्थ १९३६ च्या आरंभीं व्हरमाँटमधील स्टो येथें बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळतांना पडला व त्याचा घोटा मोडला. डोंगरावर मदतीची कांहींच सोय नव्हती. मित्रांनीं छपराच्या पत्र्यावर घालून त्यास मोठ्या मुष्किलीनें खालीं आणलें. दोनच महिन्यांनीं त्यांतला एक मित्र अशाच एका शर्यतींत आपटून मेला. डोलनें मग ह्या खेळांतील अपघातांची चौकशी केली आणि डोंगरउतारांवर स्वयंसेवकांची गस्त उभी केली. त्यांच्याजवळ काठी नव्हती. मलमपट्टीचें सामान व जखमीस खालीं आणण्याची घसरगाडी होती. प्रत्येकास प्रथमोपचाराची परीक्षा द्यावी लागे. ही संस्था आज फार मोठी आहे, आणि सायकलींच्या पायवाटांवर पुढें ज्या स्वयंसेवक-गस्ती निघाल्या त्यांतल्या कित्येकींनीं तिचाच कित्ता गिरविला. तिचा विस्तार झाला म्हणून कोणाचें स्वातंत्र्य संकोचलें, असें मला तरी आढळलें नाहीं.

जेन जेकब्स ह्या विदुषीनें १९६१ सालीं अमेरिकन शहरांविषयीं एक ग्रंथ लिहिला. रस्ता सुरक्षित राहतो तो तेथें निरनिराळ्या कामांसाठीं सतत जाणायेणाऱ्या माणसांच्या नजरांमुळें, असा तिचा सिद्धान्त आहे. ही नजर हटकणारी नसते. भेळवाला, कुत्र्यास फिरविणारा, बांकावर बसलेलें जोडपें, हीं सर्व नकळत गस्तच घालीत असतात. आमच्या मसुद्यांतील नोंदवहींत पहिलीं नांवें ह्याच जोडप्यांचीं येणार, ह्याबद्दल मला शंका नाहीं. सभेंत एका सभासदांनीं तसें बोलूनही दाखविलें. टेकडीवरून तीं निघून गेलीं म्हणजे ती अधिक निर्जन होईल, इतकें सोपें गणित त्यांस कां सुटूं नये?

आतां एक गोष्ट सांगावयाची, जी मीं सभेंत सांगितली नाहीं. गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत माझी पाळी होती आणि माझा जोडीदार आला नव्हता. अंधार पडत आला असतां खाणीच्या बाजूस एक तरुण दगडाआड बसलेला दिसला. जवळ पोतडीसारखी पिशवी. मीं त्यास हटकलें. 'काय रे, इथें काय करतोस?' तो दचकून उभा राहिला. मीं ओळखपत्र मागितलें. तें खोलीवर होतें. मग पिशवी उघडावयास लावली. आंत स्पर्धापरीक्षेचीं दोन पुस्तकें, पाण्याची बाटली आणि रिकामा डबा. 'सर, खोलीवर आम्ही पांच जण आहोंत. तिथं वाचायला होत नाहीं,' तो म्हणाला. जालन्याकडचा होता. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि त्याचेंच मला अधिक वाईट वाटलें. असें हटकलें जाण्याची त्यास संवय असावी. तीस वर्षें ज्या वयाच्या मुलांस शिकविलें, त्यांतल्याच एकाची पिशवी मीं उघडविली, आणि तसें करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. मजजवळ काठी असती तर ती मीं कशी धरली असती, कोण जाणे. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या दगडाकडे जाऊन पाहिलें. तो पुन्हा दिसला नाहीं.

मसुदा अजून माझ्या मेजावर आहे. विस्तार व्हावा, ह्यास माझी ना नाहीं. टेकड्या पुष्कळ आहेत, माणसें थोडीं आहेत, आणि ज्या बाईंची साखळी गेली त्या अद्याप एकट्या वर चढत नाहींत. शेंदोनशें स्वयंसेवक मिळाले तर मिळोत. त्यांस प्रथमोपचार शिकविण्याचें एक कलम मीं नवें घातलें आहे, आणि अंधार पडल्यावर जो मागेल त्यास खालच्या रस्त्यापर्यंत पोंचविण्याचें दुसरें. शिट्टी राहूं दिली आहे. पोशाखाऐवजीं दंडावर एक साधी पट्टी सुचविली आहे. काठीचें व नोंदवहीचें अशीं दोन कलमें मीं खोडलीं असून त्यावरून येत्या शनिवारच्या सभेंत वाद होणार, हें उघड आहे. मसुदाकार माझे जुने स्नेही आहेत. ते म्हणतात, 'प्राध्यापक, नोंदवही नाहीं तर गस्तीचा पुरावा काय?' त्यांस अजून उत्तर दिलेलें नाहीं. आज संध्याकाळीं पाळी आमचीच आहे. खाणीच्या बाजूनें वर जाऊं म्हणतों.